वाटपाच्या दाव्यात मध्यस्थीची तारीख लागली आहे. भावासमोर बसण्याची तयारी कशी करावी?

प्रश्न : कोथरूडची वाचक

नमस्कार. माझे वय 58 आहे. सहकारनगरातले आमचे घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधले होते. ते 2016 साली मृत्युपत्र न करता गेले आणि 2020 मध्ये आईही गेली. आम्ही तिघे भावंडे आहोत: तळमजल्यावर कुटुंबासह राहणारा दादा, नोकरीनिमित्त बंगळुरूला स्थायिक झालेला धाकटा भाऊ आणि मधली मी. वरचा मजला आईच्या पश्चात कुलूपबंद आहे. 2022 मध्ये मी शिवाजीनगरच्या न्यायालयात वाटपाचा दावा दाखल केला. दादाने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, माझा हिस्सा नाकारलेला नाही. मात्र गेली अनेक वर्षे घराची डागडुजी आणि मालमत्ता कर त्याने एकट्याने सांभाळला असल्यामुळे त्याचा वाटा अधिक असावा आणि घर विकले जाऊ नये, असे त्याचे म्हणणे आहे.

दाव्याच्या कागदांत न आलेली एक गोष्ट इथे सांगते. आईची शेवटची तीन वर्षे माझ्या घरी गेली. तिची औषधे, मदतनीस बाईंचा पगार आणि रुग्णालयातला खर्च मी एका वहीत लिहून ठेवत असे, कारण कोणते औषध कधी बदलले हे डॉक्टर दर खेपेला विचारत असत. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी खर्चाचा विषय निघाला, मी वही पुढे केली आणि दादा सर्वांसमोर म्हणाला, की हिशेब ठेवून केलेल्या सेवेला सेवा म्हणत नाहीत. त्यानंतर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललेलो नाही. गौरी-गणपतीलाही मी त्या घरी गेलेले नाही.

गेल्या तारखेला न्यायाधीशांनी आम्हाला मध्यस्थीकडे पाठवले. ही केवळ औपचारिकता आहे, एकदा हजेरी लावून मोकळे व्हावे, असे माझ्या वकिलांचे मत आहे. तिथे मी काही मान्य केले तर ते पुढे माझ्याविरुद्ध वापरले जाईल का? मध्यस्थ निकाल देतात का? आणि इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर बोलायला सुरुवात कशी करावी? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 : दिवाणी वकील व प्रशिक्षित मध्यस्थ

ताई, मी दिवाणी न्यायालयात वकिली करतो आणि मध्यस्थ म्हणूनही काम पाहतो. त्यामुळे आपल्या वकिलांचा अनादर न करता सांगतो, की वाटपाच्या दाव्यात मध्यस्थीला औपचारिकता समजणे ही मोठी चूक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली न्यायालय असे दावे मध्यस्थीकडे पाठवते, आणि कोणते दावे यासाठी योग्य आहेत याचे विवेचन सर्वोच्च न्यायालयाने 2010 मधील ॲफकॉन्स प्रकरणाच्या निर्णयात केले आहे. वाटप, कौटुंबिक तंटे, शेजाऱ्यांमधील वाद, घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील वाद हे त्या यादीत स्पष्टपणे आहेत.

पहिल्या शंकेचे उत्तर असे, की तिथे बोललेले तिथेच राहते. तडजोड झाली नाही तर मध्यस्थाने न्यायालयाला मध्यस्थी असफल झाली एवढेच कळवायचे असते. कोणी काय देऊ केले आणि कोण कशावर अडून बसले, यातले अक्षरही अहवालात लिहायचे नसते. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच हे बजावलेले आहे. त्यामुळे त्या खोलीत एखादा आकडा बोलून पाहिला म्हणून आपण त्या आकड्याला बांधल्या जात नाही.

दुसरी शंका अनेकांना असते, कारण आपल्याकडे लवाद आणि मध्यस्थ हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो आणि तो बंधनकारक असतो. मध्यस्थाला निवाडा देण्याचा अधिकारच नाही. तो प्रथम सर्वांना एकत्र बसवतो, मग प्रत्येकाशी स्वतंत्र बैठकीत बोलतो, आणि स्वतंत्र बैठकीत सांगितलेली गोष्ट आपल्या परवानगीशिवाय दुसऱ्या बाजूला सांगत नाही. धाकट्या भावाने येणे आवश्यक आहे. येणे शक्यच नसेल तर त्याच्या वतीने मुखत्यारपत्र घेऊन कोणी बसावे, नाहीतर सगळे ठरल्यावर तिसऱ्या सहीसाठी गाडे अडते.

आता मध्यस्थी फसली तर काय होईल, हे नीट समजून घ्या, कारण खरी तुलना त्याच्याशी करायची आहे. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत आणि मृत्युपत्र नाही, त्यामुळे हिंदू वारसा कायद्यानुसार आई-वडिलांच्या पश्चात तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा आहे, आणि हा भाग तुलनेने सोपा आहे. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. न्यायालय आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा करते, मग न्यायालयाने नेमलेला कोर्ट कमिशनर जागेवर येऊन घराचे तीन भाग पडतात का ते पाहतो. एक जिना आणि एक पाण्याची टाकी असलेल्या दुमजली घराचे तीन सोयीस्कर भाग बहुधा पडत नाहीत. तसे झाले, की 1893 च्या वाटप कायद्याखाली निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्यांच्या विनंतीवरून विक्रीचा आदेश होऊ शकतो, किंवा ज्या हिस्सेदाराला घर राखायचे आहे त्याला मूल्यांकनाच्या किमतीने इतरांचे हिस्से विकत घेण्याची मुभा मागता येते. या प्रत्येक पायरीवर हरकती आणि अपिले आहेत. आपण 58 वर्षांच्या आहात आणि दादा त्याहून मोठे, हे विसरू नका.

मध्यस्थीत हेच पर्याय आजच्या आज टेबलावर ठेवता येतात, आणि न्यायालयाला देता येणार नाहीत असेही अनेक पर्याय ठेवता येतात. घराचे मूल्य शासनमान्य मूल्यांकनकाराकडून काढावे, त्याची फी तिघांनी द्यावी, दादाने बहिणीचा हिस्सा दोन वर्षांत हप्त्यांनी विकत घ्यावा, तोवर वरच्या मजल्याची एक किल्ली आपल्याकडे राहावी, असे काहीही ठरू शकते. तडजोड पुरसिस, म्हणजे ठरलेल्या अटींचे लेखी निवेदन, न्यायालयात दाखल झाली, की संहितेच्या आदेश 23, नियम 3 खाली तिचा हुकूमनामा होतो, आणि संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कलम 96(3) प्रमाणे अपील चालत नाही. म्हणूनच मसुदा घरी नेऊन वाचा. मुद्रांक शुल्काची तजवीज कोणी करायची तेही त्यातच लिहून घ्या. दाव्यात नसलेली एखादी जागा तडजोडीत आणली तर तिच्यापुरती नोंदणी लागेल, तेव्हा शक्यतो तसे करू नका.

राहता राहिली वही. ती सोबत न्या, पण पहिल्या बैठकीत उघडू नका. आपण प्रश्नात वर्षश्राद्धाचा प्रसंग जितक्या तपशिलाने लिहिला आहे तितक्या तपशिलाने पैशांविषयी काहीच लिहिलेले नाही. दावा वाटपाचा आहे आणि दुखावले आहे ते त्या वाक्याने, असे मला वाटते. हे मध्यस्थांना स्वतंत्र बैठकीत याच शब्दांत सांगा.

उत्तर 2 : नारायण पेठेतील रहिवासी

माझा वाद घरच्यांशी नव्हता, तो वरच्या सदनिकेतल्या शेजाऱ्यांशी होता. पण सुरुवात कशी करावी या प्रश्नापुरते माझे अनुभव उपयोगी पडावेत. त्यांच्या न्हाणीघरातून आमच्या स्वयंपाकघराच्या छतात पाणी झिरपत होते. दोन पावसाळे पत्रव्यवहार झाला, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आवाज चढले आणि शेवटी प्रकरण न्यायालयातून मध्यस्थीकडे गेले.

पहिल्या बैठकीत मी छायाचित्रांची जाडजूड फाइल उघडली आणि अर्धा तास तारीखवार बोललो. माझे प्रत्येक विधान खरे होते, तरीही बैठक पूर्णपणे वाया गेली, कारण समोरचे गृहस्थ तेवढा वेळ मला द्यायचे उत्तर मनात जुळवत बसले होते. दुसऱ्या बैठकीत मध्यस्थ बाईंनी फाइल बाजूला ठेवायला लावली आणि मला एवढेच विचारले, की पुढच्या जून महिन्यात तुम्हाला नेमके काय घडलेले पाहायचे आहे? मी म्हणालो, की स्वयंपाकघर कोरडे हवे. मग त्यांनी शेजाऱ्यांना विचारले, की तुम्हाला कशाची चिंता आहे? तेव्हा प्रथमच कळले, की त्यांच्या घरी अर्धांगवायू झालेले वडील आहेत आणि न्हाणीघर फोडले तर त्यांची आंघोळ व शौचाची सोय कुठे करायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आम्ही दोन वर्षे ज्याला हेकेखोरपणा समजत होतो तो हा होता. आमच्याकडचे दुसरे न्हाणीघर काम चालू असताना त्यांच्या वडिलांसाठी मोकळे ठेवायचे ठरले, दोघांना मान्य असलेल्या अभियंत्याने पाहणी केली आणि खर्चाची विभागणी त्याच्या अहवालानुसार झाली.

आपल्या बाबतीतही दादांना नेमकी कशाची धास्ती आहे, ते विचारून पाहा. घर विकले जाऊ नये हे त्यांचे म्हणणे आहे. त्यामागे काय आहे ते आपल्या लेखनात कुठेच आलेले नाही, आणि बहुधा आपल्याला कोणी सांगितलेलेही नाही.

उत्तर 3 : निवृत्त इतिहास शिक्षक

वरील चर्चेत लवादाचा उल्लेख आला म्हणून थोडे लिहितो. मराठेशाहीत गोतसभेपुढे (वतनदार व गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे) किंवा पंचायतीपुढे वाद जाई, तेव्हा दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामा लिहून घेत, म्हणजे पंच जे ठरवतील ते मान्य असल्याची कबुली. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाला यजितखत लिहून द्यावे लागे. पुढे 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि त्याच दशकात गणेश वासुदेव जोशी यांच्यासारख्या मंडळींनी लोकांना सरकारी न्यायालयांच्या खर्चातून सोडवण्यासाठी लवाद न्यायालयांचा पुरस्कार केला. आपल्या काळात 2007 पासून गावोगावी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालली. आपसात मिटवण्याची ही ओढ आपल्या मातीतली आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तथापि यजितखत म्हणजे आपण हरलो असे स्वतःच्या हाताने लिहून देणे होते, आणि आजच्या मध्यस्थीत तो कागद नाही. आपल्या दादांना बैठकीला येताना हे कोणीतरी सांगितले, तर त्यांच्या मनावरचे निम्मे ओझे उतरेल.

उत्तर 4 : हडपसरची एक वाचक

मला यात एक इशारा द्यायचा आहे आणि तो कठोर वाटला तरी लिहिते. माझ्या माहेरी मध्यस्थी घरातल्याच वडीलधाऱ्यांनी केली. हिस्सा मागितलास तर माहेर तुटेल, असे चौघांनी चार बाजूंनी सांगितले आणि मी त्याच संध्याकाळी हक्कसोडपत्राला होकार दिला. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात सही झाली. माहेर त्यानंतरही राहिले नाही. घरातल्या घरात मिटवणे आणि न्यायालयाच्या केंद्रात प्रशिक्षित मध्यस्थासमोर बसणे यांत फरक आहे, हे मान्य. पण मन वळवण्याच्या नावाखाली बाईचेच मन वळवले जाते, हे मी भोगले आहे. वकिलांना सोबत ठेवा. आपले वकील वेळ देत नसतील तर पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्यातील कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी सही करू नका. आणि जिथे मारहाण, धमकी किंवा बनावट कागदपत्रांचा आरोप आहे तिथे एका टेबलाशी बसण्याचा आग्रह कोणीही धरू नये.

मूळ प्रश्नकर्ती : कोथरूडची वाचक

सर्वांची मनापासून आभारी आहे. हडपसरच्या ताईंचे उत्तर मी दोनदा वाचले. सही त्याच दिवशी करणार नाही. वकील साहेबांनी वहीबद्दल जे लिहिले त्यावर दोन दिवस विचार केला आणि ते खरे आहे. नारायण पेठेतील गृहस्थांनी सुचवलेला प्रश्न मी काल धाकट्या भावाला दूरध्वनीवर विचारला. तो म्हणाला, की दादाला निवृत्तिवेतन नाही आणि हिस्सा मागितला गेला, की या वयात भाड्याच्या घरात जावे लागेल असे त्याला वाटते. चार वर्षे दावा चालला आणि हे मला आज कळले.

एक गोष्ट आणखी विचारायची आहे. आईच्या गौरींचे पितळी मुखवटे दादाकडे आहेत. मला ते नकोत, माझ्या सासरच्या गौरी माझ्या घरी बसतात. पण त्या तीन दिवसांत एकदा तरी आईच्या घरी जाऊन ओटी भरता यावी, असे मला वाटते. हे मध्यस्थीत मागणे अप्रस्तुत ठरेल का?

उत्तर 1 : दिवाणी वकील व प्रशिक्षित मध्यस्थ

मुळीच नाही. दाव्यात ही मागणी करता आली नसती, कारण कोणतेही न्यायालय भावाला बहिणीचे माहेरपण करण्याचा हुकूम देऊ शकत नाही. मध्यस्थीत मात्र ती अगदी प्रस्तुत आहे. पुरसिसमध्ये ती लिहायची की तोंडी ठेवायची, ते शेवटी ठरवा. माझ्या मते तोंडी ठेवावी, कारण हुकूमनाम्यात शिरलेल्या निमंत्रणासाठी उद्या कोणी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी, असे आपल्यालाही वाटणार नाही. दादांच्या निवाऱ्याची चिंता मात्र कागदावर यायला हवी. आपल्या हिश्शाची रक्कम मिळेपर्यंत आणि मिळाल्यानंतरही तळमजल्यावरून त्यांना उठवले जाणार नाही, असे एक कलम आपण होऊन सुचवा आणि ते मध्यस्थांमार्फत न पाठवता एकत्र बैठकीत स्वतः बोला. रक्कम, मूल्यांकन आणि हप्त्यांच्या तारखा यांचा विषय त्यानंतर काढा. धाकट्या भावाचे मुखत्यारपत्र तारखेच्या आधी हाती येईल, असे आजच पाहा.