पस्तीस लाखांच्या खिडक्या

(आमच्या घरच्या ग्रुपवर झालेलं बोलणं. सुप्रभातची फुलं आणि आत्यानं पाठवलेले दोन काढे वगळलेत. ‘मी’ शिकागोच्या हाइड पार्कात राहते. काका मुलुंडला, सोसायटीचे अठरा वर्षं सेक्रेटरी होते. वहिनी पुण्यात आर्किटेक्ट.)

मी: बोर्डाचं, म्हणजे इथल्या मॅनेजिंग कमिटीचं, पत्र आलंय. सगळ्या इमारतीच्या खिडक्या बदलायच्या म्हणतात. माझ्या वाट्याला ४२ हजार डॉलर, पाच वर्षांत हप्त्यानं. गुरुवारी मीटिंग आहे. ठरवणार बोर्डच, पण आधी सगळ्यांचा कल घेणारेत.

दादा: ४२ हजार म्हणजे पस्तीसेक लाख. खिडक्यांचे??

आई: सोन्याच्या आहेत का गं

मी: अ‍ॅल्युमिनियमच्या. १९६२ च्या. काच एकेरी, जमिनीपासून छतापर्यंत. जानेवारीत फ्रेमवर आतल्या बाजूनं बर्फ धरतो. ह्याच खिडक्या बघून घर घेतलं होतं, हसू नका.

दादा: हसलो नाही. रडलो.

काका: साठी उलटलेल्या इमारतीवर एवढा खर्च कशाला? रिडेव्हलपमेंटला टाका. आपल्याकडे आता ५१ टक्के संमती पुरते.

मी: काका, इथे तसलं रिडेव्हलपमेंट नसतं. इथे डीकन्व्हर्जन. एखादी कंपनी येते, सगळे फ्लॅट एकगठ्ठा विकत घेते आणि भाड्यानं देते. शिकागोत त्याला ८५ टक्के हिश्श्याची संमती लागते. २०१९ पर्यंत ७५ होती, पण फार इमारती अशा जायला लागल्या म्हणून वाढवली.

काका: बरं. मग नवीन जागा किती मिळते?

मी: शून्य. चेक घ्यायचा आणि निघायचं.

काका: कार्पेट एरिया वाढवून नाही? कॉर्पस म्हणून बिल्डरकडून रोख रक्कम नाही? मधल्या काळाचं भाडं?

मी: नाही, नाही, नाही.

काका: मग लोक सह्या करतात कशाला??

मी: अशी बिलं आली की करतात.

(यावर काका चाळीस मिनिटं गप्प होते. आमच्या ग्रुपवर हे दुर्मीळ.)

वहिनी: आणि पाडायची का पण? ती प्रॉमन्टरी इमारत तुझ्या घराजवळच ना? मीस व्हान डेर रोहे ह्या मोठ्या आर्किटेक्टचा पहिला टॉवर, १९४९, २२ मजले. युद्धानंतर पोलाद मिळेना म्हणून काँक्रीटमध्ये बांधला. खांब वर जाताना टप्प्याटप्प्यानं बारीक होतात ते बघ कधीतरी खाली उभी राहून.

मी: रोज बघते, मिशिगन तळ्याकाठी फिरायला जाते तेव्हा. आणि ५५ व्या रस्त्याच्या मधोमध आर्किटेक्ट आय. एम. पेईच्या त्या दोन इमारती. दोन्हीकडून गाड्या. इथले लोक त्या जागेला ‘मोनॉक्साइड आयलंड’ म्हणतात.

वहिनी: 😂 पण सुंदर आहेत.

मी: सुंदर आहेतच. फक्त एक खटकतं. १९५० च्या दशकात शहर सुधारायचं म्हणून ह्या भागात केवढी पाडापाडी झाली. ५५ व्या रस्त्यावर दुकानं होती, बार होते, जॅझ वाजायचं. सगळं गेलं. बाहेर पडावं लागलं त्यात गरीब काळी कुटुंबं कितीतरी. त्याच जागेवरच्या इमारती आज आपण ‘वारसा’ म्हणून जपतोय.

आत्या: काचेच्या घरात कपडे कुठे बदलता?

मी: पडदे आहेत आत्या.

वहिनी: आत्या, ह्याच मीसनं तिथे तळ्यासमोर १९५१ मध्ये दोन काचेचे टॉवर बांधले, २६ मजल्यांचे. आणि स्वतः राहायचा कुठे, तर तिथून जवळच एका जुन्या पद्धतीच्या इमारतीत.

आत्या: शहाणा होता.

आई: थंडी वाजते तर हीटर वाढव ना. बिलाचा विचार करू नकोस.

मी: बिल मेंटेनन्समध्येच येतं, महिना ९४० मध्ये. पण वाढवणं माझ्या हातात नाही गं. इमारतीत एकच पाइपांची जोडी. हिवाळ्यात त्यातून गरम पाणी, उन्हाळ्यात गार. बदलायचं तर सगळ्या इमारतीचं एकदम, आणि त्याला बरेच दिवस लागतात. मेमध्ये अचानक उकडलं तरी पाइप गरमच.

बाबा: मग बंद करायचं.

मी: बंद केलं आणि परत थंडी पडली तर? नियमानं १ जूनपर्यंत घरं उबदार ठेवावी लागतात, दिवसा ६८ फॅरनहाइट. ह्याच गोंधळात मे २०२२ मध्ये शिकागोतल्याच रॉजर्स पार्कातल्या ज्येष्ठांच्या एका इमारतीत तीन बायका उष्म्यानं गेल्या. बाहेर ऊन आणि आत हीटिंग चालू. त्यानंतर शहरानं थंडाव्याचेही नियम केले. आमच्या इमारतीत तेव्हापासून दर मेला ह्याच विषयावर भांडण.

आई: तू पंखा घे.

मी: दोन आहेत.

काका: आलो. जेवत होतो. दोन प्रश्न. एक, खिडकी कुणाची, तुझी की इमारतीची? दोन, राखीव निधी किती?

मी: डेक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या मूळ दस्तात, खिडक्या सामाईक मालमत्तेत आहेत. निधी… जवळजवळ नाही.

काका: वाटलंच. आपल्या उपविधीत सरळ लिहिलंय, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्तीचा पाऊण टक्का. तुमच्या कायद्यात काय?

मी: ‘वाजवी राखीव निधी’ ठेवा, एवढंच. टक्का दिलेला नाही. आणि आमच्या आधीच्या बोर्डानं दहा वर्षं मेंटेनन्स वाढवलाच नाही. फार लोकप्रिय बोर्ड होतं.

काका: असणारच! मीही पहिली तीन वर्षं तसाच लोकप्रिय होतो. मग टाकी गळली. तेव्हा मला काय काय ऐकवलं ते तुझ्या काकूला विचार. स्ट्रक्चरल ऑडिट झालंय?

मी: बाहेरच्या भिंतींची तपासणी होते, ऐंशी फुटांवरच्या इमारतींना सक्तीची आहे. फ्लोरिडात २०२१ मध्ये ती सर्फसाइडची इमारत पडली, ९८ माणसं गेली, तेव्हापासून बँकासुद्धा कर्ज देताना निधीचं विचारतात.

काका: मग खिडक्या न बदलून तू वाचवतेस काय? विकायला काढलास तर घेणारा तेच विचारेल. मत दे आणि मोकळी हो.

वहिनी: थांबा काका, मत द्यायच्या आधी एक. नवीन फ्रेम किती जाड?

मी: पत्रात नाही.

वहिनी: तेच विचार. दुहेरी काच आली की फ्रेम जाड होते. त्या इमारतीत दुसरं आहे काय? नक्षी नाही, कमान नाही, सगळं त्या बारीक रेघांवर चालतं. पट्टी तीन इंची झाली की रुग्णालय दिसेल. थर्मल ब्रेकवाली, म्हणजे बाहेरची थंडी धातूतून आत येऊ न देणारी, बारीक फ्रेम मिळते, महाग पडते. आधी एक खिडकी नमुन्याला बसवून दाखवा म्हणावं.

दादा: म्हणजे अजून महाग 🙏

काका: सून बरोबर बोलतेय. आम्ही रंगाचासुद्धा नमुना घेतला होता. तरी इमारत गुलाबी झाली, ते वेगळं.

(शुक्रवार)

मी: नमुना मान्य झाला! सातव्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा आहे, तिथे बसवणारेत. कल त्यानंतर. एक आजोबा पहिल्यापासून, म्हणजे ती भाड्याची इमारत होती तेव्हापासून, राहतात. ते म्हणाले, खिडकी उघडताना जो आवाज येतो तो राहिला तर मी पैसे देईन.

वहिनी: कसला आवाज?

मी: किंचाळते ती.

(तीन आठवड्यांनी)

मी: बसवली. फोटो पाठवतेय. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी.

काका: टेप लावून काढ. नुसत्या फोटोवरून मी बिल पास करत नाही.

मी: घ्या. जुनी पावणेदोन इंच, नवी सव्वादोन.

वहिनी: अर्धा इंच. चालेल. मधली आडवी पट्टी जुन्याच उंचीवर आहे का तेवढं बघ.

मी: आहे.

काका: मग दे मत. हप्ता किती?

मी: महिना सातशे. पाच वर्षं.

दादा: म्हणजे यंदा पण येणं नाही.

मी: तुम्ही या. जानेवारीत या, जुन्या खिडक्या जायच्या आत.

आई: तुळस अजून त्या काचेपाशीच ठेवतेस का?

मी: नाही गं, मागच्या हिवाळ्यात गेली. नवीन स्वयंपाकघरात ठेवलीय. तिथे खिडकीच नाही, ट्यूबलाइटवर वाढतेय.

आत्या: तिला काढा घाल.