प्रतिसाद: रणगाडे नव्हे, आधी रसद बघा

वर तुम्ही विचारलंय की ‘युनिटी ऑफ कमांड’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या कॉम्प्युटर गेममध्ये रणगाडे व्होल्गा नदीपर्यंत नेले, तरी दोन फेऱ्यांत ते निकामी कसे झाले. कॉम्प्युटर लबाडी करत नाहीये हो. रसदीचा नकाशा उघडून बघा, मागची रेल्वेलाइन तुटली असणार. मीही आधी असाच घुसायचो. ठाणे-पनवेल लोकलमध्ये एक डाव खेळायचो आणि नेरूळ येईस्तोवर अख्खी फळी वेढ्यात!

खऱ्या स्टालिनग्राडलाही हेच झालं. १९-२० नोव्हेंबर १९४२ला सोव्हिएत फौजा शहरावर न जाता दोन्ही बगलांच्या जर्मनांच्या दोस्त, कमकुवत रुमानियन फळीवर तुटून पडल्या आणि चार दिवसांत कलाच गावाजवळ जर्मनांभोवतीचा वेढा पुरा झाला. म्हणून चांगल्या तुकड्या सगळ्या पुढे पाठवू नका, बगलेला एखादी ठेवाच. फेऱ्या मोजक्या असतात, हात शिवशिवतात, मान्य.

आपल्याकडच्या वसई मोहिमेवर असा गेम हवा राव. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३७मध्ये आधी ठाण्याचा किल्ला घेतला (तिथे आता तुरुंग आहे), वसई पडायला मे १७३९ उजाडला. खाडी, भरती-ओहोटी, सुरुंग… गेमच्या नकाशातल्या षटकोनी घरांत काय मजा येईल!