शब्दचर्चा : गुंतवणुकीतलं ‘ऋण’ कर्ज की उणे?

दांडिया बाजार, वडोदरा : मंडळी, एक अडचण. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी भाची लेख लिहितेय. मॉरिशस आणि सिंगापूर यांच्या भारतातल्या थेट परकीय गुंतवणुकीत कर्जाचा भाग वर्षागणिक कसा बदलला, हा विषय. तिनं लिहिलंय ‘ऋण धारणा’. जमीनधारणा ठीक, पण नुसती धारणा म्हणजे समजूत ना? त्यात एक आकडा उणे निघाला, तर तिथे ‘ऋण ऋण’! सुचवा काही.

रावपुरा : हसू नका, आकडा खरंच उणे असू शकतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी देशोदेशींच्या थेट गुंतवणुकीची पाहणी करतो, तीत परदेशी गुंतवणूकदाराकडे 10 टक्के किंवा जास्त मताधिकार असला की ती थेट गुंतवणूक. तिचे दोन भाग : भागभांडवल, आणि मूळ कंपनी व उपकंपनी यांच्यातलं आपसातलं कर्ज. उपकंपनीनं उलट मूळ कंपनीला उसने दिले तर ते वजा होतात. वजाबाकी मोठी झाली की निव्वळ कर्ज उणे. म्हणून इथे ‘ऋण’ टाळाच, ‘कर्ज’ लिहा. फारसी-अरबीतून आलेला असला तरी घरचाच शब्द आहे.

पुणे : आणि ‘धारणा’ऐवजी ‘येणं’. मॉरिशसचं येणं ते भारताचं देणं, म्हणजे बाजूही कळते.

दांडिया बाजार : आम्ही बोलताना गुजरातीच्या वळणानं ‘लेणं’ म्हणतो. एकदा पुण्याच्या मावसबहिणीला म्हटलं, “त्याच्याकडे माझं लेणं आहे.” तिनं विचारलं, “कुठला दागिना दिलास?” तेव्हा येणंच बरं.

रावपुरा : आता खरी मेख. आपल्या परकीय चलन नियमांत थेट गुंतवणूक म्हणजे समभाग, सक्तीने समभागांत बदलणारे कर्जरोखे वगैरे. मूळ कंपनीनं दिलेलं साधं कर्ज बाह्य वाणिज्यिक कर्जाच्या, म्हणजे परदेशातून घेतलेल्या व्यापारी कर्जाच्या, नियमांखाली जातं. पण रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत तेच कर्ज थेट गुंतवणुकीत, ‘अन्य भांडवल’ या नावाखाली बसतं. भांडवल म्हणायचं आणि आत कर्ज! भाचीनं हे लेखात एका वाक्यात तरी सांगावं, नाहीतर वाचक दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत तोलेल.

दांडिया बाजार : आणि ‘साठा’ चालेल का? तिला वर्षभरात आलेली रक्कम नाही, वर्षअखेर उरलेली दाखवायचीय.

रावपुरा : साठा बरोबर, पण धान्याच्या कोठारासारखा वाटतो. पेढीवर ‘बाकी’ म्हणत. ‘वर्षअखेरची येणेबाकी’ लिहा. वर्षभरात येतो तो ओघ. दोघांची गल्लत नको, कारण एकही रुपया इकडचा तिकडे न होता नुसत्या विनिमयदरानं डॉलरमधली बाकी हलते. वर्षअखेरही तपासा. रिझर्व्ह बँक कंपन्यांच्या परकीय देण्याघेण्याची गणना करते, ती 31 मार्चची बाकी मागते, नाणेनिधीची पाहणी मुळात डिसेंबरअखेरची.

पुणे : सयाजीरावांच्या राज्यात 1931 साली राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’. तुमच्याच गावचा. एकदा चाळा.

दांडिया बाजार : जुन्या कोशात आजचे कर्जरोखे सापडायचे नाहीत, पण येणं-देणं सापडेल, बघतो. भाची विचारतेय, आकडा उणे झाला तर ‘देणेबाकी’ लिहू का?

रावपुरा : मुळीच नको. वाचकाला ती भारतीय कंपन्यांनी तिकडे केलेली गुंतवणूक वाटेल, आणि तिचा हिशेब निराळा असतो. ‘निव्वळ येणेबाकी, उणे’ एवढंच लिहा आणि खाली एका ओळीत कारण द्या.