उत्तर: शुभेच्छापत्रं, आणि पाकिटात हलवा घालायचा का

शमाताई:
मंडळी, कार्डं छापून आली. रविवारी आमच्याकडे पाकिटांवर पत्ते घालायला या. यंदा प्रत्येक पाकिटात हलव्याची पुडी घालावी असं सुमीतचं म्हणणं, म्हणजे नाताळ, नवं वर्ष आणि संक्रांत एकाच टपालात उरकेल. कल्पना छान आहे, पण मागच्या खेपेला काय झालं ते विसरू नका.

नाना (खजिनदार):
मी कसा विसरेन? इथल्या ब्रिटिश टपालसेवेच्या, म्हणजे रॉयल मेलच्या, साध्या पत्राची जाडी ५ मिलिमीटरच्या आत हवी. वर गेली की ते 'लार्ज लेटर', तिकीट महाग. कमी तिकीट लावलं तर दंड घेणाऱ्याच्या माथी. ज्येष्ठांना शुभेच्छा पाठवायच्या आणि वर त्यांनाच पैसे भरायला लावायचे, शोभतं का हे मंडळाला? आणि हो, राणीची बारकोड नसलेली रोजची तिकिटं घरात पडली असतील तर आणू नका, ३१ जुलै २०२३ नंतर ती बाद झाली. नाताळची चित्रांची जुनी तिकिटं मात्र चालतात.

सुमीत:
नाना, हलवा एकच थर पसरला तर पुडी चपटी होते. पट्टीने मोजलंय, ४ मिलिमीटर.

मंगलामावशी:
अरे, एवढासा म्हणजे नुसती कणीच की! काटा कुठाय त्याला? आमच्या आई पहाटेच्या थंडीत शेगडीपाशी बसायच्या, पाक चमच्याने थेंबथेंब सोडायचा आणि बोटांनी तीळ हलवत राहायचं. विकतच्याला ती सर नाही.

विद्या:
पुडीचं काय ते ठरवा, पण मजकूर कोणी वाचलाय का? 'आपणांस व आपल्या परिवारास नाताळ व नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा', सरसकट सगळ्यांना. काका मार्चमध्ये गेले, काकूंच्या घरी यंदा सण नाही. त्यांच्या दारात हे चकचकीत कार्ड पडायला नको.

शमाताई:
मजकूर कार्यकारिणीत सप्टेंबरातच मंजूर झाला, तेव्हा कोणी ब्र काढला नाही. छापलंय ते छापलंय. कोऱ्या बाजूवर हाताने दोन ओळी लिहायला माझी ना नाही. काकूंना मात्र वेगळं पत्र जाऊ दे, ते तूच लिही.

विद्या:
लिहिलं. 'काकू, हल्ली चारलाच अंधारून येतं. शनिवारी आमच्याकडे साधा वरणभात, वर तूप-लिंबू. बारा वाजता गाडी घेऊन येते, नाही म्हणू नका. काकांचा बुद्धिबळाचा पट ह्यांच्याकडेच राहिलाय. तुम्हाला हवा असेल तर देतो, नाहीतर इथेच राहू दे.' चालेल?

मंगलामावशी:
चालेल काय, पळेल. मलाही कोणीतरी असंच लिहा बाई, मी सधवा असले तरी वरणभात खाते.

दिलीपराव:
संक्रांत १४ ला की १५ ला? २०२४ मध्ये १५ ला होती. विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, तेव्हा ती १२ जानेवारीला आली होती. दर सत्तरेक वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. कार्डावर तारीख तपासून घ्यावी.

नाना (खजिनदार):
दिलीपराव, कार्डावर तारीख नाहीच. तुमच्या वर्गणीच्या पावतीवर आहे, ती तपासा. पाकिटात फक्त कार्ड. हलवा संक्रांतीला हॉलमध्ये हातावर ठेवू.

सुमीत:
मग मी घेऊन ठेवलेल्या दोन किलोंचं काय?