बाग प्रिंटची पर्स: मागच्या बाजूचे बुट्टे उलटे येतात, काय करू?

शिवणवेडी (इंदूर)
नमस्कार. मी घरी बाग प्रिंटच्या पर्स शिवते. प्रदर्शनात बायका हातात घेतात, "छान आहे" म्हणतात आणि परत ठेवतात. म्हणून यंदा ठरवलं, एकाच बाईसाठी शिवायची: शाळेत शिकवणारी, पन्नाशीच्या आसपासची, स्कूटरवर जाणारी. शेजारच्या बाईंना त्यांची पर्स माझ्यासमोर पलंगावर रिकामी करायला लावली. डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, छत्री आणि तपासायच्या पेपरांचा गठ्ठा, कोपरे मुडपलेला. त्यावरून माप काढलं: रुंदी १४, उंची १२, तळ ४ इंच. पेपर आडवे सरळ बसतात.

पण कापड वाचवायला मी एकच लांब तुकडा कापून तळाशी दुमडला. बाईंनी पर्स फिरवली आणि म्हणाल्या, "अगं, मागची फुलं उलटी का?" फार वाईट वाटलं. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या बाग गावात एकेक ठसा हाताने मारतात, मग धावडीची फुलं घालून अलिझरीन या लाल रंगात उकळतात. असं कापड कात्रीखाली वाया घालवणं जिवावर येतं. दोन तुकडे केले तर कापड जास्त जाईल ना? शिवाय लाल रंग कपड्याला लागेल ही भीती आहेच.

बडोदेकर मावशी
जास्त नाही जात. पन्हा ४४ इंच असेल तर १४ रुंदी, ४ तळाचे आणि १ शिलाईचा धरून १९ इंच होतात. दोन तुकडे शेजारी शेजारी, दोन्ही सरळ, वर ६ इंच उरतात. त्यातून आतला खिसा काढ. आणि खालचे चार-पाच इंच प्रिंटचे ठेवूच नकोस, काळ्या कॅनव्हासची पट्टी जोड. स्टाफरूममध्ये पर्स जमिनीवरच टेकते. प्रिंटही वाचेल.

ग्वाल्हेरची टीप
कापायच्या आधी कापड धुवा, नाहीतर अस्तर तेवढंच राहतं आणि प्रिंट आखडतं. मग ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रुमाल स्वच्छ येईपर्यंत कात्री लावू नका. कापडाला ताठपणा देणारं, इस्त्रीने चिकटवायचं फ्यूजिंग मी तरी वापरत नाही, धुतल्यावर फुगे येतात. मध्ये कॅनव्हास घाला. बंध जोडताना आतून कॅनव्हासचा चौकोन ठेवून चौकोनात फुली शिलाई मारा. वजन तिथेच ओढतं.

शिवणवेडी (इंदूर)
मावशी, मोठं काम केलंत. काल उरलेल्या दोन मीटरवर करून पाहिलं. पहिल्या धुण्यात पाणी तांबडं, रुमाल गुलाबी. तिसऱ्या धुण्यानंतर रुमाल पांढरा राहिला, तेव्हाच कात्री घेतली. दोन मीटरला साधारण अडीच इंच आखडलं! धुतलं नसतं तर अस्तर बाहेर लोंबलं असतं.

दोन्ही बाजूंचे बुट्टे आता सरळ आहेत. काळ्या पट्टीमुळे तर लाल रंग जास्तच उठून दिसतो. एकच प्रश्न उरलाय. बाई पर्स खांद्यालाही लावतात आणि स्कूटरच्या हुकालाही. खांद्याला बरा पडेल असा बंध ठेवला तर हुकाला लावल्यावर तळ पायाशी घासतो. बंधाला मधून गाठ मारून आखूड करता येईल का, ते बघायला आज पर्स त्यांच्याबरोबर शाळेत पाठवली आहे.