सिंहगड रस्त्याला तळमजल्याचा फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न: पुण्यात एकतानगरीजवळ फ्लॅट बघतोय. आईला जिने चढवत नाहीत, म्हणून तळमजलाच हवा. मालक म्हणतात, पाणी कधीच आलं नाही. पण पार्किंगच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर गाळाचा पट्टा आहे. खात्री कशी करू?

प्रतिसाद: त्या पट्ट्यावर विश्वास ठेवा. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून नदीत सुमारे ३५ हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) विसर्ग झाला, तेव्हा एकतानगरीतल्या लोकांना बोटीतून बाहेर काढलं होतं. पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. आणि '१०० वर्षांतून' म्हणजे पुढची ९९ वर्षं निवांत, असं नसतं हो!

प्रतिसाद: नदीइतकेच ओढेही बघा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा आम्ही अरण्येश्वरला राहत होतो. धरणाच्या विसर्गाची निदान सूचना मिळते, ओढ्याची कुणी देत नाही. सासूबाईंना शेजाऱ्यांनी उचलून वर नेलं. अजून रात्री जोराचा पाऊस लागला की त्या उठून बसतात. आईंसाठी लिफ्टची इमारत बघा, पण जनरेटर आहे का ते विचारा; पुरात वीज आधी जाते.

प्रश्नकर्ता: कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांना विचारलं. त्यांनी छातीपाशी हात धरून दाखवला. बोलणी थांबवली आहेत.