मूठभर मतं निकाल फिरवतात, हे न्याय्य आहे का?

शाईचं बोट:
२००० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल फ्लोरिडावर अडला होता. तिथं सुमारे ६० लाख मतं पडली आणि रिपब्लिकन पक्षाचे बुश डेमोक्रॅटिक पक्षाच्या गोर यांच्यापुढे जिंकले ५३७ मतांनी. फेरमोजणीत अधिकारी एकेक मतपत्रिका उजेडासमोर धरून बघत होते, भोक पूर्ण पडलंय की कागदाचा तुकडा अजून लोंबतोय. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं ती मोजणीही थांबवली. देशभरात गोर यांना ५ लाखांहून जास्त मतं अधिक होती, तरी ते हरले, कारण तिथं अध्यक्ष राज्याराज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांवर ठरतो. मला हे आजही सलतं. कुंपणावरच्या थोडक्यांना सगळे पक्ष गोंजारतात आणि बाकीच्यांना गृहीत धरतात. मग प्रत्येक मताची किंमत सारखी कशी?

दुसरी बाजू:
ते ५३७ जण नेमके कोण, सांगता येईल? राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्यात विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं पडले. ते एक मत कुणाचं? जिंकणाऱ्याला मिळालेल्या ६२ हजारांहून अधिक मतांपैकी कुठलंही म्हणा. अटीतटीची लढत झाली म्हणून अन्याय झाला असं होत नाही. आणि गृहीत धरून घ्यायचं नसेल, तर आपणही जरा कुंपणावर बसायला शिकावं.

बेरीज-वजाबाकी:
तुम्ही दोघंही मोजण्याची पद्धत सोडून बोलताय. फ्लोरिडात ग्रीन पक्षाचे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं होती. ऑस्ट्रेलियासारखी दुसरी पसंती नोंदवता आली असती, तर ती मतं बुश किंवा गोर यांच्याकडे वळली असती आणि ५३७ चा आकडा बहुधा दिसलाच नसता.

आणि लहान म्हणजे वजनदार, हेही खरं नाही. १९५८ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाचं जुनं रूप) परिषदेत जर्मनी, फ्रान्स, इटलीला ४-४ मतं, बेल्जियम, नेदरलँड्सला २-२ आणि लक्झेंबर्गला १ मत होतं. समुदायाच्या कार्यकारी आयोगाचा प्रस्ताव मंजूर व्हायला १७ पैकी १२ मतं लागत. बाकी सगळ्यांची मतं सम, त्यामुळे त्यांची बेरीज ११ वर कधी अडायचीच नाही. लक्झेंबर्गनं हात वर केला काय, न केला काय, निकाल तोच! मत हातात असून उपयोग शून्य. मला विचाराल तर खरा अन्याय हा.

दुसरी बाजू:
पद्धतीवर एवढा भरवसा नको. फ्रान्समध्ये अध्यक्षपदासाठी दोन फेऱ्या असतात, पहिले दोघंच दुसऱ्या फेरीत जातात. तरी २००२ मध्ये डाव्यांची मतं पहिल्याच फेरीत विखुरली. डावे जोस्पँ यांना १६.१८ टक्के, कट्टर उजवे ल पेन यांना १६.८६. जोस्पँ बाहेर. पद्धत बदलली तरी मूठभरांचं वजन जात नाही, फक्त दुसरीकडे सरकतं.

शाईचं बोट:
'ते ५३७ कोण' हा मुद्दा मान्य, मी तो विचार केला नव्हता. लक्झेंबर्गचं गणितही कागदावर करून पाहिलं, बरोबर आहे. पण कुंपणावर बसण्याचा सल्ला मला लागू पडत नाही. मी मत देते तिथं निकाल वर्षानुवर्षं ठरलेला असतो. जिंकणारा येत नाही कारण गरज नाही, हरणारा येत नाही कारण आशा नाही. माझ्यासारख्या शंभरेक जणांनी उद्या मन बदललं, तरी ते कुणाच्या लक्षात येणार?